चार्जर नंतर येईल हो, आधी पाइप मागा

पत्र असं आहे, थोडं छोटं करून देतेय:

"मॅडम नमस्कार, आम्ही एका नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट बुक केलाय. ६० फ्लॅट आहेत, पार्किंग ८० गाड्यांचं, बहुतेक सगळं बेसमेंटला. बेसमेंटवरचा स्लॅब अजून पडायचाय. ब्रोशरमध्ये 'ईव्ही रेडी पार्किंग' असं मोठ्या अक्षरात छापलंय पण साइटवरच्या इंजिनीअरला विचारलं तर म्हणतो गेटजवळ चार पॉइंट देणार, बाकी ज्याचं त्याने बघावं. बुकिंगवाल्यांचा ग्रुप आहे त्यात रोज मारामारी. निम्म्यांना फास्ट चार्जर पाहिजे, निम्मे म्हणतात आमची पेट्रोलची गाडी, आम्ही कशाला पैसे भरू, आणि एक काका रोज सकाळी गाडी पेटल्याचा व्हिडिओ टाकतात. आमचे मिस्टर म्हणतात आत्ता कटकट नको, पझेशन मिळू दे मग बघू. नियम नक्की काय म्हणतो आणि आम्ही मागायचं तरी काय? ता.क. आत्ता राहतो तिथे दुसऱ्या मजल्यावरून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडून स्कूटर चार्ज करतो, चालतं ना?
– ग्रुपमध्ये अडकलेली"

ताई, तुमच्या पत्रातली एकच ओळ मी दोनदा वाचली, बेसमेंटवरचा स्लॅब अजून पडायचाय ही. फास्ट का स्लो, पैसे कोणाचे, आग लागते का, यावर पुढची दोन वर्षं आरामात भांडता येईल. स्लॅब मात्र एकदा पडला की पडला. मिस्टरांना सांगा कटकट करायची तर ती आत्ताच, पझेशननंतर म्हणजे बैल गेला अन् झोपा केला.

आमच्याच बिल्डिंगचं सांगते. मी स्वतः इलेक्ट्रिकलच्या कामातली बाई, वीस वर्षं दुसऱ्यांच्या बिल्डिंगांचे लोड, म्हणजे एका वेळी किती वीज लागेल ते, काढतेय, आणि आमच्या पार्किंगमध्ये पहिली ईव्ही आली तेव्हा कळलं की मीटर रूम एका टोकाला आणि गाडी बरोब्बर दुसऱ्या टोकाला, मधे आग अडवणाऱ्या दोन भिंती म्हणजे फायर वॉल, केबल न्यायला ना ट्रे ना भोक. भोक पाडायचं ठरलं तर स्ट्रक्चरल इंजिनीअर म्हणाले थांबा, हा पोस्ट टेन्शन्ड स्लॅब आहे, आत ताणलेल्या स्टीलच्या तारा आहेत, ड्रिल चुकून त्या तारेला लागलं तर तार सुटून माणसाला लागेल आणि स्लॅबची ताकद जाईल ती वेगळीच, आधी स्कॅन करा. मग स्कॅन, मग कोअर कटिंग, मग फायर वॉलचं भोक परत फायर सीलंटने बुजवायचं, प्रत्येक टप्प्याला कमिटीची मीटिंग. त्या पहिल्या गाडीवाल्याचा चार्जर भिंतीवर लावायला अर्धा दिवस लागला, तिथपर्यंत केबल पोचवायला मात्र पाच महिने. तेव्हापासून मला कोणी चार्जर कुठला घेऊ विचारलं की मी आधी विचारते पाइप आहे का.

आता ब्रोशरमधला तो शब्द. 'ईव्ही रेडी' म्हणजे काय हे ज्याला जसं पाहिजे तसं तो सांगतो. अमेरिकेतल्या बिल्डिंग कोडांमध्ये साधारण तीन पायऱ्या धरतात आणि मला ती विभागणी आवडते. पहिली 'कॅपेबल', म्हणजे पॅनेलमध्ये जागा आणि वीज राखून ठेवलेली आणि पार्किंगपर्यंत रिकामा पाइप, बस. दुसरी 'रेडी', म्हणजे त्या पाइपातून केबलसुद्धा आलेली, टोकाला सॉकेट किंवा जंक्शन बॉक्स, चार्जर आणा आणि जोडा. तिसरी 'इन्स्टॉल्ड', चार्जर लावून चालू. तुमच्या इंजिनीअरचे गेटजवळचे चार पॉइंट या हिशोबात कुठे बसतात? चार जागा रेडी आणि ७६ जागांना काहीच नाही. म्हणजे ब्रोशर अगदीच खोटं नाही, पण खरंही नाही. पहिला प्रश्न लेखी विचारा, ८० पैकी किती जागा कुठल्या पायरीवर, आणि ड्रॉइंगमध्ये दाखवा. उत्तर तोंडी आलं तर ते आलंच नाही असं समजा.

नियमाचं म्हणाल तर तुम्ही गावाचं नाव लिहिलेलं नाही, आणि हा नियम जागेगणिक बदलतो, म्हणून चार ठिकाणचे सांगते, त्यावरून वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते कळेल आणि बिल्डरसमोर बोलायला दाखले मिळतील. भारतात केंद्राच्या शहर विकास मंत्रालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये मॉडेल बिल्डिंग बायलॉजमध्ये दुरुस्ती केली, त्यात इमारतीच्या पार्किंग क्षमतेच्या २० टक्के जागांना चार्जिंगची सोय सांगितली आणि वर असंही की ते सगळे पॉइंट एकाच वेळी चालू आहेत असं धरून, त्यावर १.२५ चा सेफ्टी फॅक्टर लावून तेवढा जादा लोड इमारतीने घेतला पाहिजे. पण नावातच मॉडेल आहे हं, राज्याने आणि पुढे महापालिकेने ते आपल्या नियमात घेतलं तरच ते तुमच्या प्लॅनला लागतं, आणि घेताना आकडे वरखाली केलेले असू शकतात.

इंग्लंडमध्ये १५ जून २०२२ पासून बिल्डिंग रेग्युलेशनमध्ये पार्ट एस आला. पार्किंग असलेल्या प्रत्येक नव्या घराला किमान ७ किलोवॅटचा चार्ज पॉइंट द्यायचा, आणि इमारतीला १० पेक्षा जास्त पार्किंग असेल तर उरलेल्या राहणाऱ्यांच्या जागांपर्यंतही केबल जायची वाट तयार ठेवायची. पण त्यात पळवाटा आहेत त्या मजेशीर आहेत. झाकलेल्या पार्किंगला, म्हणजे तुमच्या बेसमेंटसारख्या, चार्ज पॉइंटची सक्ती नाही, तिथे फक्त केबलची वाट. आणि ग्रिडचं कनेक्शन वाढवायचा खर्च दर पॉइंटमागे सरासरी ३६०० पौंडांच्या वर गेला तर पॉइंट कमी करता येतात. म्हणजे बघा, सरकारने चार्जरवर सूट दिली पण केबलच्या वाटेचा आग्रह सोडला नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटतं.

युरोपियन युनियनचं आणखी स्पष्ट आहे. २०१८ च्या डायरेक्टिव्हमध्ये १० पेक्षा जास्त पार्किंगच्या नव्या रहिवासी इमारतीत प्रत्येक जागेला डक्ट म्हणजे रिकामी नळी होती. २०२४ ला ते डायरेक्टिव्ह नव्याने आलं तर ३ पेक्षा जास्त पार्किंग असलं की किमान निम्म्या जागांना केबलिंग आधीच करून, बाकीच्यांना डक्ट, शिवाय किमान एक चालू चार्जिंग पॉइंट. देशांनी आपापल्या कायद्यात ते आणायची मुदत २९ मे २०२६ आहे. म्हणजे सहा वर्षांत नुसती नळी पुरेना, केबल पाहिजे झाली. आणि कॅनडातलं व्हँकुव्हर तर १ जानेवारी २०१९ पासून नव्या बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांच्या सगळ्या म्हणजे १०० टक्के पार्किंगला ईव्ही रेडी मागतंय, तेही लोड वाटून घेतलेला चालेल असं म्हणून. हे वाटून घेणं काय ते पुढे येतंय, तीच खरी गंमत आहे.

एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी, नियम लागतो तो तारखेवर. तुम्ही राहायला कधी जाता याला काही अर्थ नाही, बिल्डरने परवानगीचा अर्ज कधी टाकला, काम कधी सुरू केलं हे बघतात. इंग्लंडमध्ये १५ जून २०२२ च्या आधी अर्ज टाकून १५ जून २०२३ च्या आधी काम सुरू केलं असेल तर जुनाच नियम लागत होता. म्हणून मंजूर प्लॅनची कॉपी मागा, त्यावरची तारीख बघा आणि ती घेऊन स्थानिक प्लॅनिंग ऑफिसात विचारा की या तारखेला कुठला नियम लागू होता. आर्किटेक्टच्या मंजूर ड्रॉइंगमध्ये ईव्हीच्या जागा दाखवलेल्या असतील आणि साइटवर दुसरंच चाललं असेल तर तुमचं काम सोपं झालं, कारण मग तुम्ही मेहेरबानी मागत नाही आहात, मंजूर प्लॅनप्रमाणे बांधा एवढंच म्हणताय.

आता लोड. इथेच सगळ्या बिल्डरांचं ठरलेलं वाक्य येतं, "मॅडम एवढा लोड मिळतच नाही, ट्रान्सफॉर्मर बदलावा लागेल." तर जरा वही घ्या. एका गाडीला ३२ अँपिअरचा सिंगल फेज चार्जर धरला तर ७.४ किलोवॅट. ८० जागा गुणिले ७.४ म्हणजे ५९२ किलोवॅट. हा आकडा दाखवून ते घाबरवतात आणि खरंच घाबरण्यासारखाच आहे. २० टक्के धरले तर १६ जागा, ११८ किलोवॅट, १.२५ ने गुणलं की १४८. हेही कमी नाही. पण आता उलटीकडून या. गाड्यांना रोज वीज लागते किती? साधारण गाडी १०० किलोमीटरला १५ युनिट खाते असं धरू, रोजचं पळणं ४० किलोमीटर, म्हणजे ६ युनिट, चार्जिंगमध्ये थोडी वाया जाते ती धरून साडेसहा. उद्या साठच्या साठ घरांत एकेक ईव्ही आली तरी रात्रीची गरज ४०० युनिटच्या आत. रात्री १० ते सकाळी ६ हे आठ तास मिळतात, भागा, ५० किलोवॅट. कुठे ५९२ आणि कुठे ५०!

मधला हा जो फरक आहे ना तो सगळा, सगळ्यांनी संध्याकाळी सात वाजता एकदम प्लग लावून फुल स्पीडने चार्ज केलं तर काय, या भीतीचा आहे. आणि त्या भीतीवर औषध आहे, लोड मॅनेजमेंट, म्हणजेच मघाशी म्हटलेलं लोड वाटून घेणं. चार्जर एकमेकांशी आणि मेन पॅनेलवरच्या मीटरशी बोलतात, बिल्डिंगमध्ये लिफ्ट पंप एसी जोरात चालू असतील तर गाड्यांचा करंट कमी करतात, मध्यरात्री सगळं शांत झालं की वाढवतात. गाडीला घाई नसते हो, ती सकाळपर्यंत तिथेच उभी असते. ब्रिटनमध्ये जून २०२२ पासून घरी लावायच्या चार्जरना हे शहाणपण सक्तीचं आहे, मूळ सेटिंगच असं की कामाच्या दिवशी सकाळी ८ ते ११ आणि दुपारी ४ ते रात्री १० या गर्दीच्या वेळा टाळायच्या, आणि सगळे चार्जर एका ठोक्याला सुरू होऊन ग्रिडला झटका बसू नये म्हणून प्रत्येकाने दहा मिनिटांपर्यंत आपापला उशीर करायचा. मालकाला पाहिजे तर सेटिंग बदलता येतं, पण बहुतेक माणसं सेटिंगला हात लावत नाहीत हे त्यांना बरोब्बर माहीत आहे.

म्हणजे बिल्डरकडे ५९२ किलोवॅट मागू नका, तो नाही म्हणणार आणि तुमचीच मागणी वेड्यात काढणार. पन्नासच्या वर हात राखून शंभर एक किलोवॅटची सोय मागा, लोड मॅनेजमेंटसकट, आणि ट्रान्सफॉर्मर आणि पॅनेलच्या खोलीत पुढे वाढवायला जागा. लोड तुमच्या कन्सल्टंटकडून नीट काढून घ्याच, मी इथे पाटीवर खडूने काढून दाखवला.

मग मागायचं काय? मला विचाराल तर जे नंतर करता येत नाही ते सगळं आत्ता आणि जे भिंतीवर स्क्रूने लावता येतं ते नंतर. मीटर रूममध्ये ईव्हीसाठी वेगळ्या पॅनेलची जागा, आत्ता रिकामी राहिली तरी चालेल पण तिथे कोणी झाडू-बादली ठेवायची खोली करू नये. तिथून बेसमेंटच्या छतालगत केबल ट्रे, सगळ्या रांगांवरून जाणारा, नुसता गेटजवळचा नाही. स्लॅब आणि भिंतींमध्ये जिथे जिथे ट्रे आरपार जाणार तिथे स्लीव्ह आत्ताच टाकून, कारण ओतायच्या आधी एक पाइपचा तुकडा ठेवायला काहीच लागत नाही आणि नंतर तेच भोक आमच्यासारखं स्कॅन करून पाडावं लागतं. मधे मधे छोट्या डीबीच्या, म्हणजे वीज वाटून देणाऱ्या पेट्यांच्या, जागा, दर आठ-दहा गाड्यांमागे एक, म्हणजे शेवटच्या गाडीपर्यंतची केबल लांबलचक होत नाही, केबल लांबली की व्होल्टेज पडतं आणि मग जाड केबल घ्यावी लागते. पाइपात ओढायची तार टाकून ठेवायला सांगा, आणि पाइप सिमेंटने बुजलेला नाही हे ती तार हलवून बघून मगच सही करा, हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये, निम्मे पाइप बुजलेले निघतात असा माझा तरी अनुभव आहे. अर्थिंगचा विचार ड्रॉइंगमध्येच हवा. बेसमेंटमध्ये पाणी शिरायची शक्यता असेल तर डीबी आणि सॉकेट उंचावर. नेटवर्कचंही बघा, चार्जर एकमेकांशी बोलणार म्हटलं की त्यांना केबल नाहीतर वायफाय पाहिजे आणि बेसमेंटमध्ये मोबाइलची रेंज नसते हे सगळे विसरतात, त्यामुळे ट्रेमध्ये एक डेटा केबलची वेगळी नळी. आणि पार्किंग जर यांत्रिक असेल, वरखाली सरकणाऱ्या पाळण्यांचं, तर आत्ताच सांगा कारण हलत्या पाळण्यावर चार्जिंग पॉइंट देणं हा वेगळाच प्रकार आहे, तो मशीन बनवणाऱ्याकडूनच यावा लागतो, नंतर इलेक्ट्रिशियन बोलावून होत नाही.

वीज कोणाच्या मीटरवरून घ्यायची हा वाद तुमच्या ग्रुपमध्ये अजून सुरू झाला नसेल तर होईल. दोन रस्ते आहेत. एक, प्रत्येकाच्या घरच्या मीटरवरून त्याच्या गाडीपर्यंत त्याची स्वतःची केबल. ऐकायला स्वच्छ, बिलाची भानगड नाही, पण ६० फ्लॅटच्या ६० केबली एकाच ट्रेमधून जाणार, ट्रे भरून वाहणार, आणि प्रत्येक चार्जर वेगळ्या मीटरवर असल्याने वर सांगितलेलं वाटून घेणं अवघड होऊन बसतं. दुसरा, बिल्डिंगचं ईव्हीसाठी एकच वेगळं कनेक्शन, एक जाड मेन केबल किंवा बसबार म्हणजे केबलऐवजी धातूच्या पट्ट्या, त्यावरून चार्जरना फाटे, प्रत्येक चार्जरचा स्वतःचा सबमीटर, कार्ड टेकवा नाहीतर अ‍ॅपवरून सुरू करा, महिन्याला ज्याचं त्याला बिल. दहा घरांची बिल्डिंग असती तर मी पहिला रस्ता सांगितला असता, साठला मी डोळे मिटून दुसरा घेईन. भारतात २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांच्या दुरुस्तीनंतर ईव्ही चार्जिंगसाठी वेगळं कनेक्शन मागता येतं. चार्जर घेताना फक्त एवढं बघा की तो एकाच कंपनीच्या अ‍ॅपला बांधलेला नसावा, ओसीपीपी नावाची खुली भाषा बोलणारा हवा, म्हणजे उद्या ती कंपनी बंद पडली तरी तुमचे चार्जर भिंतीवरची शोभा होणार नाहीत.

यातूनच पेट्रोलवाल्यांचा प्रश्न सुटतो. ट्रे, स्लीव्ह, पॅनेलची जागा, मेन केबल हा बिल्डिंगचा भाग झाला, लिफ्टसारखा, तळमजल्यावरचाही भरतो. चार्जर आणि त्याची शेवटची केबल ज्याची गाडी त्याची. जर्मनीत डिसेंबर २०२० पासून फ्लॅटमालकाला सामायिक इमारतीत चार्जिंगची सोय मागायचा हक्कच दिलाय, बाकीच्यांना सरसकट नाही म्हणता येत नाही, पण खर्च मागणाऱ्याचा. मला ही वाटणी रास्त वाटते. आणि पेट्रोलवाल्यांना हळूच विचारा, फ्लॅट विकायची वेळ आली तेव्हा घेणाऱ्याने पहिला प्रश्न पार्किंगला पॉइंट आहे का असा विचारला तर काय सांगाल.

फास्ट चार्जरवाल्यांना माझ्याकडून नाही सांगा. डीसी फास्ट चार्जर रस्त्यावरच्या माणसासाठी असतो, ज्याला चहा पिऊन पुढे जायचंय. एकच ६० किलोवॅटचा मागितलात तर वर काढलेला साठ घरांचा रात्रीचा सगळा लोड तो एकटा खाईल, आणि रविवारी सकाळी त्याच्यासमोर रांग लागून भांडणं होतील ती वेगळी. रात्रभर उभ्या गाडीला १६ अँपिअर म्हणजे साडेतीन किलोवॅटच्या आसपासही पुष्कळ, आठ तासांत साधारण पावणेदोनशे-दोनशे किलोमीटरची बेगमी होते. पाहुण्यांसाठी एखादा २२ किलोवॅटचा एसी करंटवरचा चार्जर ठेवा हवं तर, पण बऱ्याच गाड्या एसीवर तेवढं घेतच नाहीत, गाडीतल्या चार्जरची मर्यादा असते.

आता व्हिडिओवाले काका. त्यांची थट्टा करू नका, त्यांचा प्रश्न चुकीचा नाहीये, दाखले चुकताहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये लंडनजवळच्या ल्यूटन विमानतळाच्या बहुमजली पार्किंगला आग लागली, हजारावर गाड्या गेल्या, इमारत पाडावी लागली, आणि तासाभरात सगळीकडे व्हिडिओ, ईव्हीमुळे ईव्हीमुळे. अग्निशमन दलाने सांगितलं आग डिझेल गाडीतून सुरू झाली. पण ती एवढी पसरली त्या इमारतीत स्प्रिंकलर नव्हते. उलट बाजूचाही एक आहे, १ ऑगस्ट २०२४ ला दक्षिण कोरियात इंचॉनच्या एका रहिवासी संकुलाच्या भूमिगत पार्किंगमध्ये ईव्हीच पेटली, ती चार्जिंगला लावलेलीही नव्हती, नुसती उभी होती, आणि शंभरावर गाड्यांचं नुकसान झालं. तिथे स्प्रिंकलर होते, पण आग लागल्यावर ते बंद केले गेले होते. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा, इंधन वेगळं पण दुखणं एकच, स्प्रिंकलरचं पाणी आगीवर पडलंच नाही. बॅटरीची आग विझवायला कठीण असते, विझल्यासारखी वाटून परत पेटते, हे खरंच आहे, म्हणून बेसमेंटला चालू स्थितीतले स्प्रिंकलर, धूर बाहेर काढायची सोय, आणि ईव्हीचा सगळा पुरवठा एका झटक्यात तोडता येईल असा स्विच, तोही आत न जाता हाताला लागेल अशा ठिकाणी. शिवाय चार्जिंगच्या सर्किटला साधा एसी टाइपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, चालत नाही, गाडीकडून डीसी करंट गळाला तर तो आंधळा होतो आणि माणसाला शॉक बसला तरी ट्रिप होत नाही. टाइप बी लागतो, नाहीतर चार्जरमध्येच ६ मिलिअँपिअर डीसी ओळखायची सोय असलेला टाइप ए. काकांना या कामाचं प्रमुख करा, खरंच सांगतेय, जो माणूस रोज सकाळी व्हिडिओ शोधतो तो स्प्रिंकलरचं प्रेशर दर महिन्याला तपासेल.

हे सगळं बिल्डरकडे न्यायचं कसं, तर साठ जणांनी साठ मेल टाकू नका. पाच-सहा जणांनी मिळून एक इलेक्ट्रिकल कन्सल्टंट अर्ध्या दिवसासाठी गाठा, बिल्डरच्या माणसासोबत एक मीटिंग, विषय एकच, स्लॅबच्या आधी स्लीव्ह आणि ट्रेचं ड्रॉइंग. चार्जरचा विषय त्या मीटिंगमध्ये काढूच नका, बिल्डरच्या डोक्यात चार्जर म्हणजे खर्च आणि पाइप म्हणजे किरकोळ, त्या किरकोळमध्येच आपलं सगळं आहे. जे ठरेल ते अ‍ॅग्रीमेंटच्या सुविधांच्या यादीत शब्दांत, 'ईव्ही रेडी' असं नाही तर किती जागांना काय, किती किलोवॅट राखून, आणि ड्रॉइंग नंबर. स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी साइटवर जाऊन स्लीव्हचे फोटो काढा, टेप धरून, म्हणजे नंतर भोक नेमकं कुठे होतं हे शोधत बसायला लागत नाही.

आणि ता.क. चं उत्तर, नाही चालत. स्कूटरचा चार्जर एक किलोवॅटच्याही आत असतो हे खरं, पण तो तीन-चार तास सलग ओढतो आणि घरगुती एक्स्टेन्शन बोर्डाच्या सैल पिना तिथेच तापतात, वर तुम्ही ती वायर खिडकीच्या कडेवरून दोन मजले लटकवताय म्हणजे ऊन, पाऊस आणि खिडकी बंद होताना चिमटणं तिन्ही. बॅटरी काढता येत असेल तर वर आणून भिंतीतल्या चांगल्या १५ अँपिअरच्या सॉकेटला लावा, दाराच्या वाटेत नको, आणि सगळे झोपल्यावर नको. काढता येत नसेल तर सध्याच्या सोसायटीला एका अर्थिंगवाल्या सॉकेटसाठी अर्ज द्या. बोर्ड आज रात्रीच वर ओढून घ्या.